चतुरांसाठी कोठार

दादाचा फोन आला तेव्हा टिल्लू एका रसायनशास्त्रज्ञाला समजावत होती, की पेनड्राइव्ह म्हणजे तिजोरी नव्हे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिचं कामच ते. संशोधन संपतं, माणसं निवृत्त होतात, पण त्यांनी जमवलेला डेटा पुढच्यांना सापडला पाहिजे आणि सापडल्यावर कळलाही पाहिजे. तो कुठे ठेवायचा, कसा ठेवायचा, हे ती लोकांना सांगायची. अशा ठेवणीच्या जागांना सगळे रिपॉझिटरी म्हणत. टिल्लू सरळ कोठार म्हणायची.

"टिल्लू," दादा म्हणाला, "माझ्या चतुरांची सोय बघायची आहे."

चतुर म्हणजे पाण्यावर घिरट्या घालणारे, काचेसारख्या पंखांचे किडे. दादा याच विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवायचा; सगळी नोकरी आणि निवृत्तीनंतरची वर्षंही त्याने त्यांच्यापायी घालवली होती. शहराबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण होती, तिच्यात पाणी साचून तळं झालं होतं. तिथे तो जाळीने चतुर पकडायचा, पंखावर शाईने बारीक आकडा घालायचा आणि सोडून द्यायचा. पुढे तोच आकडा कुठे दिसला, केव्हा, काय करताना, हे टिपायचा. वहिनी पाहुण्यांना सांगायची, "एवढ्या चतुरांत आमचे हेच एक भोळे."

कितीतरी वर्षं टिल्लू त्याच्या मागे लागली होती, की दादा, हे सगळं नीट कुठेतरी ठेवू या. तो हसून टाळायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. दादा तर वळसाही घालत नव्हता.

"आज कसं सुचलं तुला?" तिने विचारलं.

तो म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, जे काही करायचं असेल ते लवकर करा."

समोर बसलेल्या रसायनशास्त्रज्ञाला टिल्लूने हातानेच थांबायला सांगितलं आणि ती बाहेर जिन्यात गेली. तिथे दादाने तिला आजाराचं नाव सांगितलं. विसरण्याचा आजार. मागच्या महिन्यात तो गाडी खाणीपाशी विसरून पायी घरी आला होता आणि गाडी चोरीला गेली म्हणून पोलीस चौकीत भांडला होता. हे वहिनीने तिला हसत हसत सांगितलं होतं, आणि टिल्लूही हसली होती.

रविवारी ती त्याच्याकडे गेली. जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारून तिने लॅपटॉप उघडला आणि एरवी लोकांना सांगते तसंच त्यालाही सांगितलं. कोठारं तीन. एक विद्यापीठाचं स्वतःचं. हक्काचं, पण दहा वर्षांनी एक समिती बसणार आणि ठेवायचं की पुसायचं ते ठरवणार. दुसरं एका कंपनीचं. काही विचारत नाहीत, दुपारी फाइली चढवल्या की संध्याकाळी काम फत्ते. पण कंपनी उद्या विकली गेली तर फाइली कुणाच्या दारात, देव जाणे. तिसरं कोठार जीवशास्त्राच्या डेटाचंच, बऱ्याच संस्थांनी मिळून चालवलेलं. ते बंद पडलं तर सगळं कुणी ताब्यात घ्यायचं हेही आधीच लिहून ठरलेलं. पण तिथे तपासनीस असतात. प्रत्येक रकाना म्हणजे काय, प्रत्येक खूण म्हणजे काय, हे नीट सांगितल्याशिवाय ते काहीही आत घेत नाहीत.

"म्हणजे ते प्रश्न विचारणार."

"भरपूर. जीव नकोसा करतात."

"मग तिथेच ठेव," दादा म्हणाला. "न विचारता ठेवून घेते ती अडगळीची खोली. माझे चतुर अडगळीत नको पडायला, टिल्लू. मी नसेन तेव्हा कुणीतरी ते वाचेल. त्याला मला फोन करून विचारता येणार नाही."

वहिनी ओट्याशी उभी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण तिचा हात भांड्यावर तसाच थांबला.

काम सुरू झालं. दादाच्या मूळ वह्या विभागाच्या तळघरात पाइप फुटला तेव्हा लगदा होऊन गेल्या होत्या. उरल्या होत्या त्या कॉम्प्युटरमधल्या फाइली, आणि त्या उघडायची किल्ली फक्त दादाच्या डोक्यात. रकान्यांना त्याने एकेक अक्षर दिलं होतं. आधीच्या वर्षांत एक पद्धत, पुढच्या वर्षांत दुसरी. स्वतःसाठीच तर लिहिलं होतं. स्वतःला कोण समजावून सांगतं?

सकाळी, चहानंतर, दादा लख्ख असायचा. साधारण तासभर, कधी थोडा जास्त. टिल्लूने कामाच्या वेळा बदलून घेतल्या आणि रोज त्या वेळी ती त्याच्यासमोर बसू लागली. ती एकेक रकाना विचारायची, तो सांगायचा, ती टाइप करायची. सुरुवातीचे दिवस फार सुखाचे गेले. लहानपणानंतर भावाबहिणीने असा रोज तासभर एकमेकांना दिलाच नव्हता.

"हा 'क' काय आहे रे?" तिने एकदा विचारलं.

"कोवळा. नुकताच कातेतून निघालेला. पंख इतके नाजूक, की शाईची निब टेकवलीस तर वाकतात. म्हणून 'क' असला की आकडा नसतो. त्यांना फक्त बघायचं, हात लावायचा नाही." मग तो हसला. "तू जन्मलीस तेव्हा आईने मला हेच सांगितलं होतं. बघायचं, हात लावायचा नाही."

टिल्लूने "कोवळा" असं लिहिलं आणि मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

तिसऱ्या कोठाराच्या तपासनीस बाई दूरच्या शहरात होत्या. आठवड्यातून एकदा त्या स्क्रीनवर यायच्या. आवाज मऊ, पण सुटका नाही. तराफा ही जागा नकाशावर कुठे? पावसाळी दिवशी नोंद नसली तर चतुर नव्हते, की संशोधक गेले नव्हते? टिल्लू प्रश्न घेऊन दुसऱ्या सकाळी दादाकडे जायची. दादाला ते प्रश्न आवडायचे. "या बाईला अक्कल आहे," तो म्हणायचा.

अलीकडच्या वर्षांचं काम उरकलं. मग जुन्या फाइली उघडल्या, आणि तिथे गाडी अडायला लागली. एका रकान्यावर नुसता "म" होता आणि खाली एक ते चारपर्यंत आकडे. दादा त्याकडे पाहत राहिला.

"उद्या सांगतो," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग एकदा कपाळावर हात मारून म्हणाला, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, टिल्लू?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. तीही हसली. हसण्याखेरीज काय करणार?

खरा धक्का नंतर बसला. एका सकाळी आपलं टिपण पक्कं करून घ्यावं म्हणून तिने पुन्हा "क" विचारला.

"क म्हणजे काठ," दादा ठामपणे म्हणाला. "काठावर दिसलेला."

"कोवळा म्हणाला होतास."

"मी? छे! काठ. माझा डेटा मला माहीत नाही?"

टिल्लूने घरी जाऊन सगळ्या "क"च्या ओळी बाजूला काढल्या. एकीतही पंखावरचा आकडा नव्हता. आणि त्यांतल्या पुष्कळ ओळी तळ्याच्या मधोमध असलेल्या तराफ्यावरच्या होत्या, काठापासून लांब. म्हणजे पहिलं उत्तर खरं. आजचं खोटं, आणि दोन्ही उत्तरं त्याने त्याच आवाजात, तशाच खात्रीने दिली होती. मग तिने भीत भीत मागची सगळी टिपणं उघडली. कुठली सकाळ खरी मानायची? ज्या दिवशी तो लख्ख वाटला होता, त्या दिवशी तो लख्ख होता का?

त्यानंतर ती वेगळ्याच तऱ्हेने त्याच्यासमोर बसू लागली. आठवडाभरापूर्वीचे प्रश्न तीच फिरवून विचारायची, उत्तरं जुळतात का बघायची. चार-पाच दिवस दादाने निमूटपणे सगळं सांगितलं. मग एकदा त्याने तिच्या लॅपटॉपचं झाकण हाताने मिटवलं.

"तू माझी परीक्षा घेतेस," तो म्हणाला. "नापास झालो ना मी?"

"दादा, तसं नाही..."

"तसंच आहे. मीही मुलांना असंच विचारायचो. तोच प्रश्न, उलटा करून." तो उठला आणि खोलीत जाऊन त्याने दार लावून घेतलं.

टिल्लू टेबलाशी तशीच बसून राहिली. वहिनी समोरच्या खुर्चीवर येऊन बसली. तिने ओले हात पदराला पुसले आणि कितीतरी दिवस तोंडाशी आलेलं बोलली.

"टिल्लू, मला तुझ्या कामातलं ओ की ठो कळत नाही. पण एक विचारू? हे दिवसातून किती वेळ शुद्धीवर असतात, माहितेय ना तुला?"

"सकाळचा तासभर."

"आणि तो तास कुणाकडे असतो?"

टिल्लूने मिटलेला लॅपटॉप बाजूला सारला.

"तू गेलीस की हे दमून झोपतात," वहिनी म्हणाली. "दुपारी उठतात ते चिडलेले. संध्याकाळी दारापाशी उभे राहतात. मी हात धरला तर झिडकारतात. तुला दादा भेटतो, टिल्लू. मला जो भेटतो तो... जाऊ दे. मी तक्रार करत नाही. जन्मभर हे त्या खाणीवर होते, तेव्हाही नाही केली. मनात म्हणायचे, म्हातारपणी तरी माझ्या वाट्याला येतील. आता उरलाय तो तासच. तोही किड्यांनाच द्यायचा का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर टिल्लूला उत्तर देता आलं असतं.

"पण वहिनी, त्याचीच इच्छा आहे. त्यानेच हे कोठार निवडलं."

"हो. मला कुणी विचारलं होतं?"

त्या दिवशी टिल्लू ऑफिसला गेलीच नाही. नदीकाठच्या रस्त्याने चालत राहिली. लोकांना ती नेहमी सांगायची, की कोठार निवडताना तीन गोष्टी बघा: किती वर्षं टिकेल, कोण चालवतं, पुढच्याला कळेल का. चौथी गोष्ट कुणी तिला शिकवली नव्हती, आणि तिनेही कुणाला सांगितली नव्हती. नीट ठेवायला जो वेळ लागतो, तो कुणाच्या आयुष्यातून कापून घ्यायचा? दादाचं आयुष्यभराचं काम एका पारड्यात आणि वहिनीच्या थोड्याशा सकाळी दुसऱ्यात. कसंही तोललं तरी काटा तिच्याच काळजात रुतत होता.

संध्याकाळी तिने तपासनीस बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"अलीकडच्या वर्षांचा डेटा उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "तो आम्ही घेऊ. मात्र एक करावं लागेल. काही माहिती संशोधकाच्या आठवणीवर आधारलेली आहे आणि त्यांचं सांगणं दर वेळी जुळत नाही, हे सोबतच्या टिपणात लिहावं लागेल. वाचणाऱ्याला ते कळायला हवं."

"लिहिते. आणि जुनी वर्षं?"

"वाचताच येत नाही ते शंभर वर्षं सांभाळून आम्ही काय करणार, तुम्हीच सांगा. माफ करा. अजून थोडा वेळ मिळाला असता तर..."

"वेळ नाही," टिल्लू म्हणाली.

दादाच्या कामाचा जीव त्या लांबीत होता, हे तिला चांगलं ठाऊक होतं. एकाच तळ्यावर, इतकी वर्षं, एकाच माणसाने पाहिलेलं. आता त्याचे दोन तुकडे होणार होते. पुढचा तुकडा चांगल्या कोठारात; मागचा विद्यापीठाच्या कोठारात, समितीच्या मर्जीवर. तिने ते टिपण लिहायला घेतलं. "माहिती देणाऱ्या व्यक्तीचं सांगणं दर वेळी जुळत नाही." व्यक्ती. तिला सायकल शिकवणारी, तिच्यासाठी वडिलांशी भांडलेली व्यक्ती. ते एक वाक्य लिहायला तिला जितका वेळ लागला, तितका बाकीच्या सगळ्या टिपणाला लागला नव्हता.

दुसऱ्या सकाळी ती दादाकडे गेली, पण लॅपटॉप नेला नाही.

"झालं का काम?" त्याने विचारलं. कालचं भांडण तो विसरला होता.

"झालं, दादा."

"सगळं? जुनं पण?"

"सगळं."

तो खुर्चीत मागे रेलला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना तिला दिसला, आणि आपण काय केलं हेही. "त्या बाईंना माझे आभार सांग," तो म्हणाला. "प्रश्न छान विचारायच्या."

त्यानंतर टिल्लू सकाळी जायची बंद झाली. ती संध्याकाळी जायची, बाजारातून काही आणायची, कपड्यांच्या घड्या घालायची. सकाळ वहिनीची. वहिनीने कधी बोलून दाखवलं नाही, पण ती केस नीट विंचरू लागली, आणि चहाचे कप गॅलरीत नेऊ लागली. शेजारणीने टिल्लूला सांगितलं, की सकाळी तुमच्या दादांचा हसण्याचा आवाज येतो.

फार दिवस नाही चाललं ते. दादाला छातीचा संसर्ग झाला, इस्पितळात ठेवावं लागलं. ताप उतरला, पण तापाबरोबर सकाळचा तो तासही उतरून गेला. घरी आला तो माणूस दिवसभर सारखाच होता: शांत, नम्र आणि परका.

त्या आठवड्यात एकदा दोघी गॅलरीत बसल्या होत्या. आत दादा झोपला होता. टिल्लूला राहवलं नाही.

"वहिनी, त्या सकाळी तुम्ही दोघं काय बोलायचात गं?"

वहिनी खाली रस्त्याकडे पाहत राहिली. मग तिचे खांदे हलले. ती हसतेय की रडतेय, ते आधी कळेना.

"चतुर," ती म्हणाली. "दुसरं काय बोलणार हे? कसे निघतात, कसे उडतात, एक मादी कशी दर वर्षी त्याच जागी... नाही, तिची मुलगी असेल, की आणखी कोण. जन्मभर मला या माणसाने जे सांगितलं नाही ते सगळं सांगितलं. मी म्हटलं, अहो, दुसरं काहीतरी बोला ना. तर म्हणाले, हेच तर मी आहे."

"आणि तू?"

"मी ऐकलं. काय करणार! इतकी गोड गं, टिल्लू, ती बडबड. त्या अक्षरांचंही सांगायचे, जुन्या फाइलींतल्या. हे म्हणजे हे, ते म्हणजे ते. सगळं सांगितलं असेल." तिने टिल्लूकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत एकदम भीती उतरली. "मला काही आठवत नाही. मी शब्द ऐकतच नव्हते. मी यांच्या तोंडाकडे बघत बसले होते. लिहून ठेवायला हवं होतं का गं मी?"

टिल्लूने तिचा हात हातात घेतला. हो म्हणून आता काही साधणार नव्हतं, आणि नाही म्हणणं खोटं होतं. तरी ती म्हणाली, "नाही, वहिनी. ते तुझ्यासाठी होतं."

वहिनी मग खरोखर रडली. टिल्लूही रडली. आतून दादाच्या खोकल्याचा आवाज आला तशी दोघी डोळे पुसून उठल्या.

पुढे चांगल्या कोठारातून पत्र आलं. अलीकडच्या वर्षांचा डेटा स्वीकारला होता, पुढे कुणालाही शोधता यावा म्हणून त्याला कायमचा क्रमांक मिळाला होता. टिल्लूने ते ऑफिसात वाचलं, मिटलं, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. दादाला दाखवायला ती घेऊन गेली नाही. विद्यापीठाच्या कोठारातल्या जुन्या फाइलींची समिती बसेल तेव्हा ती स्वतः निवृत्त झालेली असेल. तरी तिने आपल्या जागी येणाऱ्यासाठी विनंती लिहून ठेवली आहे, की पुसू नका.

त्या संध्याकाळी ती दादाला भात भरवत होती. आता तो तिलाही ओळखत नव्हता, पण ती आली की खुर्ची पुढे सरकवायचा; इतका शिष्टाचार त्याच्यात अजून उरला होता. दोन घास झाले तशी त्याने तिला हाताने थांबवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "त्या बाई फार करतात हो माझं. सकाळपासून इथेच असतात. त्यांच्या घरी त्यांची वाट बघणारं कुणी नाही का?"

वहिनी पाण्याचा पेला घेऊन दारातच उभी होती. टिल्लूचा चमचा हवेत राहिला.

"आहेत ना," वहिनी म्हणाली. "एक जण आहेत."

दादाला फार बरं वाटलं. "मग थांबू नका हो तुम्ही. जा. ते काळजी करत असतील."

वहिनी त्याच्या शेजारी बसली आणि तिने पेला त्याच्या ओठांशी धरला.

"जाते," ती म्हणाली. "एवढं पाणी पिऊन टाका, मग जाते."